पोपट परत आल्यास पिंजरा परत द्यावा

‘पितळी पिंजरा विकणे आहे. स्थिती उत्तम. पोपट उडून गेला आहे. पोपट परत आल्यास पिंजरा परत द्यावा लागेल, पैसे पूर्ण परत मिळतील. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे येथील गरजूंनीच फोन करावा.’

रात्री पावणेबाराला मोबाइलवर हे वाचलं आणि अंथरुणात उठून बसलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, कोथरूडमधला एक पोपट उडाला. ती म्हणाली, झोपा आता.

झोप कुठली. त्या तीन भागांनी मला छळलं. पिंजरा म्हणजे काही शिसवी पलंग नव्हे. स्कूटरवर दोन पायांच्या मधे ठेवला की हडपसरचा माणूसही आरामात नेईल. मग हडपसरवाल्याने काय घोडं मारलंय? बारा वाजून गेल्यावर उलगडा झाला. पोपट परत आलाच, तर तो घिरट्या घालणार त्याच्या ओळखीच्या झाडांवर. हडपसरला जाऊन तो कशाला चौकशी करेल? तेव्हा पिंजरा हाकेच्या अंतरावर असलेला बरा. (आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणजे पोपटाने कायद्याची अंमलबजावणी स्वतःच उरकली. पण हे त्या गृहस्थांना कोणत्या तोंडाने सांगायचं?)

किंमत मात्र नऊ हजार. नऊ हजारांत पितळी पिंजरा कोणीही घेणार नाही, हे मला कळतं, तुम्हाला कळतं आणि त्या गृहस्थांनाही कळत असणार. त्यावर पुढे येतो.

जुन्या वस्तूंच्या जाहिराती वाचणं हा माझा रात्रीचा उद्योग आहे. घ्यायचं काहीच नसतं. ही खोड मला वडिलांकडून आली. ‘सकाळ’ हातात पडला की ते पहिलं पान उलटून थेट छोट्या जाहिरातींवर जायचे. आई म्हणायची, परुळेकरांनी १९३२ साली पेपर काढला तो काय लोकांचे जुने फ्रिज वाचायला? लंडनच्या ‘टाइम्स’ने पहिल्या पानावर बातम्या छापायला ३ मे १९६६ रोजी सुरुवात केली, तोवर ते पान अशाच बारीकसारीक जाहिरातींचं होतं, ही माहिती मला फार उशिरा मिळाली. नाहीतर वडिलांच्या बाजूने एकदा तरी साक्ष दिली असती. त्यांच्या हातात तांबडं रिफिल असायचं. ‘धायरीत दोन गुंठे, रस्त्यालगत’ याला खूण. ‘हार्मोनियम, कलकत्ता बनावट’ याला खूण. आमच्या घरात वाजवणारं कोणी नव्हतं आणि गुंठा घेण्याची ऐपत तर नव्हतीच. कशाला खुणा करता म्हटलं की एकच उत्तर, “भाव कळतात.”

पेपरातल्या त्या जाहिराती मोजक्या शब्दांच्या असत. शब्दाशब्दाला पैसे पडायचे, तेव्हा माणूस क्रियापदसुद्धा जपून वापरायचा. ‘वन रूम किचन, शनिवार पेठ, शाकाहारी, डिपॉझिट.’ संपलं. पुणेरी पाटी धारदार झाली तीही पत्र्याचा तुकडा लहान म्हणूनच, असं माझं मत आहे. आता मोबाइलवर लिहायला जागा भरपूर आणि दमडी पडत नाही. पुणेकराला फुकटात इतकी जागा मिळाली की काय होतं? तो अटी घालतो. दुपारी एक ते चारचा विनोद मी करणार नाही, तो झिजला आहे. पण हे बघा:

‘बजाज चेतक, १९८६. एकहाती. डावीकडे दोनदा वाकवून, पाच मोजून किक मारल्यास पहिल्या फटक्यात चालू होते. उजवीकडे वाकवू नये. पाहायला येणाऱ्याने चालवून बघायचा आग्रह धरू नये, मी चालवून दाखवीन.’

चेतक १९७२ मध्ये आकुर्डीत बनायला लागली, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं तिच्यासाठी लोक नंबर लावून थांबायचे. मुलीच्या जन्मानंतर नंबर लावला आणि गाडी आली तेव्हा ती शाळेत जात होती, अशा घरांत मी वाढलो आहे. इतकी वाट बघून आलेली गाडी दुसऱ्याने उजवीकडे वाकवलेली कोण सहन करेल? मला तर त्या ‘पाच मोजून’चं फार कौतुक वाटलं. मॅन्युअलमध्ये हे कुठेही नसणार. चाळीस वर्षं सकाळी नऊ वाजता जिन्याखाली उभं राहून जमवलेलं हे शास्त्र आहे, आणि ते गाडीबरोबर मोफत.

दुसरी एक नारायण पेठेतली: ‘लोखंडी कपाट, आरशाचे. किल्ली हरवली आहे. आत काय आहे माहीत नाही. घेणाऱ्याने आमच्यासमोर उघडावे. आतील वस्तूंवर हक्क आमचा राहील, कपड्यांवर नाही.’ आता आत काय आहे हे माहीत नसताना कपडे आहेत हे कसं माहीत, असा प्रश्न मी विचारणार होतो. बायको म्हणाली, दुसऱ्याच्या कपाटात नाक खुपसू नका.

तिसरी: ‘सागवानी देव्हारा. देव मिळणार नाहीत.’

हसून झाल्यावर एक गोष्ट हळूहळू लक्षात यायला लागली. यातले निम्मे लोक विकायला आलेलेच नाहीत. विकणारा माणूस घासाघीस करतो, फोटो नीट काढतो, ‘लवकर या’ म्हणतो. हे लोक न परवडणारी किंमत लावतात, वर अटी घालतात, आणि जाहिरातीची मुदत संपली की तीच जाहिरात तशीच परत टाकतात. हे नक्की काय चाललंय? तर हा माळा आहे.

जुन्या पुण्यात प्रत्येक घराला माळा होता. वाड्यात होताच, पण सत्तर-ऐंशीच्या दशकात कोथरूडला बांधलेल्या तीनमजली सोसायट्यांतही बाथरूमवर, स्वयंपाकघरावर सिमेंटचा का होईना, माळा असायचा. जी वस्तू वापरात नाही पण टाकवत नाही, ती वर जायची. पाळणा वर जायचा, कारण घरात सून येणार असायची. सून आली, नातू झाला, तो इंजिनिअर होऊन हिंजवडीला लागला तरी पाळणा वरच. कोणी त्याच्याबद्दल निर्णय घेत नसे आणि घेण्याची गरजही नसे. नव्या फ्लॅटमध्ये माळा नाही. फॉल्स सीलिंग आहे, त्यात बारीक दिवे आहेत, पण बंब ठेवायला जागा नाही. मग वस्तूंचा एक फोटो काढायचा, नऊ हजार किंमत लावायची आणि ॲपवर चढवून ठेवायची. ठेवली कुठे? वर. विचारणारा कोणी आला की त्याला नाही म्हणायचं, तेवढाच वस्तूवरचा हात फिरवून होतो.

परदेशात हे सगळं कधीचंच सुरू झालंय. सॅन फ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्कने १९९५ साली मित्रमंडळींना कार्यक्रमांची माहिती ईमेलने पाठवायला सुरुवात केली, त्यातून क्रेग्जलिस्ट उभी राहिली. त्याच वर्षी ईबे निघालं आणि तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. मालकाने घेणाऱ्याला कळवलं, अहो हा बंद आहे. त्याने उत्तर दिलं, मी बंद पडलेलेच जमवतो. हा गिऱ्हाईक नक्की आपल्या जुन्या बाजारात शोभला असता. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी सकाळी जाऊन बघा, बिनकाट्यांची घड्याळं उचलून कानाला लावणारे भेटतात.

आपल्याकडे ओएलएक्सने ‘बेच दे’ म्हणून कानीकपाळी ओरडून सांगितलं आणि लोकांनी ते फारच मनावर घेतलं. एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, कोणीतरी केवडियाचा सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळाच तिथे विकायला काढला. किंमत ३०,००० कोटी. कारण काय, तर सरकारला इस्पितळं आणि उपकरणांसाठी पैसे हवेत. जाहिरात काढून टाकली गेली, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की पुणेकराने ही जाहिरात टाकली असती तर खाली नक्की लिहिलं असतं, ‘वाहतूक खर्च घेणाऱ्याचा. जिना अरुंद आहे.’

पण सगळ्याच जाहिराती हसवत नाहीत. पेठांमधल्या जाहिरातींचा एक वेगळा कप्पा आहे, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचा. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत गावोगावची मुलं कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत जागा धरतात, रात्री अकराला चहाच्या टपरीवर चालू घडामोडी वाचतात. निकाल लागला की चार दिवसांनी जाहिराती येतात. ‘एमपीएससी पूर्ण सेट, नोट्ससह. विकण्याचे कारण: निवड झाली.’ याची किंमत जास्त. पायगुणाची किंमतही त्यात धरलेली असते, आणि लोक ती देतात. दुसरी जाहिरात असते, ‘पूर्ण सेट. कारण: गावी परत जात आहे.’ पुस्तकं तीच, प्रकाशनं तीच, किंमत निम्मी. एकाने लिहिलं होतं, ‘इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या ४० पानांवर हायलायटर, पुढे कोरे.’ हा प्रामाणिकपणा मला परीक्षेत पास होण्याच्या लायकीचा वाटला. आणखी एकाने पुस्तकांबरोबर टेबल लॅम्प, गादी, बादली, मग आणि अभ्यासिकेचे उरलेले सतरा दिवस विकायला काढले होते. सतरा दिवस! मी बराच वेळ त्या बादलीच्या फोटोकडे बघत राहिलो. बादलीवर पांढऱ्या ऑइलपेंटने खोली नंबर लिहिलेला होता. जाहिरात दुसऱ्या दिवशी गेली, म्हणजे कोणीतरी दुसरा मुलगा त्या सतरा दिवसांसकट आत आला.

फोटो हा तर स्वतंत्र विषय आहे, पण थोडक्यात आवरतो. आरसा विकणारा माणूस आरशात सापडतोच. कोंढव्याच्या एका ड्रेसिंग टेबलमध्ये बनियनवरचे काका मोबाइल धरून उभे आहेत आणि त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीत, कमरेवर हात ठेवून काकू. टेबल कोणाच्या मनाविरुद्ध चाललंय हे लिहावं लागत नाही. आणि मशीनचं मराठी! इंग्रजीत लिहिलेलं कोणीतरी आपोआप भाषांतर करून चिकटवतं. ‘धावत्या अवस्थेतील फ्रिज’ मी पाहिला आहे. सिंगल बेडचा ‘अविवाहित पलंग’ झालेलाही पाहिला आहे. तो मात्र मी बायकोला वाचून दाखवला.

या सगळ्यांवर हसत असताना एक दिवस आमच्यावरच पाळी आली. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डर भाडं देणार, तोवर कर्वेनगरला दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट. त्याला अर्थातच माळा नाही. चाळीस वर्षांचा माळा खाली उतरवला तेव्हा त्यातून बंब निघाला, पाळणा निघाला, वडिलांचे खुणा केलेले पेपर निघाले. ते रद्दीत द्यायच्या आधी मी त्यातलं एक पान काढून घेतलं, धायरीच्या दोन गुंठ्यांचं. भाव आज वाचवत नाही. सगळ्यात शेवटी प्रश्न राहिला आईच्या घरघंटीचा. ती माळ्यावर नव्हती, स्वयंपाकघरात ओट्याशेजारी होती. पण भाड्याच्या घरात तिथे फ्रिजच मावत नव्हता.

आई म्हणाली, “विक. पण जाहिरात मी सांगते तशी लिही.”

मी मोबाइल घेऊन बसलो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, सांगते एकेका शब्दावर थांबून. “घरघंटी. एक एचपी. सहा जाळ्या. फक्त घरचं दळण. लिहिलंस? मिरची कधीही दळलेली नाही. हळद एकदाच.” मग स्वयंपाकघराकडे मान वळवून थोड्या वरच्या आवाजात, “तीही सुनेने.”

“हे लिहायचं?” मी विचारलं.

“घेणाऱ्याला खरं कळायला नको?”

आतून भांड्याचा आवाज आला. मी ‘हळद एकदाच’ एवढ्यावर पूर्णविराम दिला. किंमत साडेसहा हजार. आईला आठ हवे होते.

पाचव्या मिनिटाला मेसेज सुरू झाले. ‘अव्हेलेबल?’ मी सविस्तर, शुद्ध मराठीत उत्तर लिहिलं. पलीकडून काही नाही. ‘लास्ट किती?’ मी म्हटलं, अहो आधी बघून तर जा. पलीकडून काही नाही. एकाने बदल्यात ट्रेडमिल देऊ केली. कॅनडातल्या काइल मॅकडोनाल्डने २००५ साली एक लाल पेपरक्लिप घेऊन अदलाबदल सुरू केली आणि वर्षभरात १४ व्यवहारांत किपलिंग गावात घर मिळवलं. म्हटलं, ही त्याचीच पहिली पायरी असेल, घ्यावी का? आई म्हणाली, “ट्रेडमिलवर काय दळायचं?”

मग एका गृहस्थांचा फोन आला. हिंदीत बोलत होते, अतिशय अदबीने. लष्करात आहे म्हणाले, नुकतीच पुण्यात बदली झालीय, घंटी पसंत आहे, भाव करणार नाही, पैसे आत्ता पाठवतो, गाडी उद्या येईल. फक्त मी पाठवतो तो कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात. मी मोबाइल सरसावला. खरं सांगतो, साडेसहाच्या साडेसहा हजार मिळतायत म्हटल्यावर माझ्या डोक्यातला दिवा विझला होता. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला, हे मी स्वतः ऑफिसात दोघांना समजावून सांगितलेलं आहे. आई शेजारी शेंगा सोलत होती. तिने नुसतं विचारलं, “जाळ्या किती नंबरच्या आहेत विचारलं का त्याने?”

“नाही.”

“जातं न बघता घेणारा माणूस दळण दळणारा नाही. ठेव फोन.”

ठेवला. माझा पोपट होता होता राहिला.

शेवटी जी आली ती धायरीची एक मुलगी. मुलगी म्हणजे तिशीची, नवरा बरोबर, छोटा हत्ती खाली उभा. नोकरी सुटली होती, घरून भाजणी, मेतकूट, नाचणीचं सत्त्व करून द्यायचं डोक्यात होतं. आईने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मुलाखत सुरू केली.

“भाजणीत धने किती घालतेस?”

“किलोच्या तांदळाला वाटीभर, काकू.”

“छोटी वाटी की आमटीची?”

मुलगी अडखळली. नवरा दारात उभ्या उभ्या घड्याळ बघत होता. आई उठली, डब्यातून आपली वाटी काढून तिच्यापुढे ठेवली. मग घंटीचं झाकण उघडून तिने एकेक जाळी बाहेर काढली, बोटाने पुसली आणि सांगत गेली. ही पोळ्यांची. ही बेसनाची, डाळ वाळलेली असेल तरच, नाहीतर बसते. ही भाजणीची, हिच्यातून थालीपीठ हाताला रवाळ लागतं. ही भरड्याची. मोटर तापली की वास येतो, तो जळका नसतो, घाबरायचं नाही, पंधरा मिनिटं थांबायचं. आणि दळताना बोलायचं नाही. याचं कारण मी जन्मभर विचारत आलोय, आजही सांगितलं नाही.

सौदा चार हजारांत झाला. चार आईनेच म्हटलं. मी मागून खाणाखुणा करत होतो, तिने बघितलंच नाही. घंटी जिन्यातून खाली गेली तेव्हा आई गॅलरीत आली नाही. छोटा हत्ती सुरू झाल्याचा आवाज आल्यावर तिने ओट्याशेजारची रिकामी जागा ओल्या फडक्याने पुसून घेतली. चार चाकांचे चार डाग होते, त्यातले दोन गेले.

आठ दिवसांनी मेसेज आला. ‘सर, भाजणी छान झाली. काकूंसाठी पाठवते. एक विचारायचं होतं, जाहिरातीत सहा जाळ्या होत्या. पाचच आहेत. मोदकाच्या पिठीची नाहीये.’

मी आईला वाचून दाखवलं. ती शेंगाच सोलत होती.

“सांग तिला, सामानात कुठेतरी असेल, शोधतोय.”

जाळी स्वयंपाकघरात, गॅसच्या मागच्या खिळ्याला, कॅलेंडरच्या आड टांगलेली आहे. पुसून, तेलाचा हात लावून. मी रोज चहा करताना बघतो. बायकोही बघते.

मी लिहिलं, ‘सामान अजून पूर्ण उघडलेलं नाही. सापडली की कळवतो.’